करपेबाईंची धुरी

माहेरचं आडनाव काहीही असलं, तरी सासरी तिचं आडनाव ठरलं ते करपे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाई राहायला आल्या, आणि हिने मोठ्या हौसेने त्यांच्यासाठी भात टाकला. भात टाकून कपडे वाळत घालायला गेली, ती वास आल्यावरच परतली. तळाचा भात काळा, मधला पिवळा, वरचा कच्चा. सासूबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "एका पातेल्यात तीन प्रकार! या करपेबाईंचा हात कोण धरणार?" सगळे हसले. तीही हसली. सासूबाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, पण नाव पडायला मनात वाईट असावंच लागतं असं नाही. ते नाव असं चिकटलं की कितीही घासा, निघेना.

बाहेर मात्र ती क्रेनताई होती. उंच इमारतींच्या बांधकामावर ती क्रेन चालवायची. सकाळी शिडी चढायची, वरच्या काचेच्या केबिनमध्ये बसायची, आणि खाली मुंग्यांएवढी दिसणारी माणसं सांगतील तिथे सळ्यांचे भारे, विटांचे ढीग, खिडक्यांच्या चौकटी नेऊन ठेवायची. अंड्यावर ओझं टेकवलं तरी अंडं फुटायचं नाही, असा तिचा हात. नवीन मुकादम आला की आधी भुवया उंचावायचा, "वर बाई आहे?" आणि संध्याकाळपर्यंत विचारायचा, "उद्या वर ताईच आहेत ना?"

एवढी ती बाई, पण स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर आली की मांजर व्हायची. शेवटी घरातला गॅस नवऱ्याने ताब्यात घेतला. तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. शांत, नीटनेटका माणूस. त्याच्या स्वयंपाकाला ना चव ना ढव, पण पदार्थ जो रंग घेऊन पातेल्यात जायचा तोच घेऊन बाहेर यायचा, आणि त्या घरात हेही काही कमी नव्हतं.

त्या वर्षी सासूबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. थोरल्या दिराच्या घरी सगळ्यांनी जमायचं आणि प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, असं ठरलं. ठरवणारी अर्थातच थोरली जाऊ. तिच्या हाताला चव होती, आणि आहे हे तिला पुरेपूर ठाऊक होतं. एका संध्याकाळी तिचा फोन आला. नवऱ्याने स्पीकर लावला. क्रेनताई शेजारीच बसून बुटांच्या नाड्या सोडत होती.

"भावजी, तुमच्याकडे काय टाकू?" जाऊने विचारलं.

"आम्ही नेहमीप्रमाणे बर्फ आणतो. आणि कागदी ताटल्या," नवरा म्हणाला.

तो काही चुकीचं बोलला नव्हता. गेली कित्येक वर्षं ते बर्फ आणि ताटल्याच नेत होते. पण त्या दिवशी तिने सबंध दुपार वाऱ्यात एक काचेची भिंत उचलून तिच्या चौकटीत बसवली होती, ओरखडासुद्धा न उठू देता, आणि खाली सगळ्या गड्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या कानात असताना 'नेहमीप्रमाणे बर्फ' हे शब्द तिला झोंबले.

"बर्फ आणू," ती फोनकडे झुकून म्हणाली, "आणि एक पदार्थही आणू. मी करणार आहे."

पलीकडून मग जाऊ म्हणाली, "कर ना, अवश्य कर. आधी सांग मात्र, म्हणजे अग्निशमन दलालाही आमंत्रण देते." आणि मागून दिराचं खो-खो हसणं ऐकू आलं.

फोन ठेवल्यावर नवऱ्याने हळूच विचारलं, "काय करणार आहेस?"

"ते अजून ठरायचंय," ती म्हणाली.

ठरलं ते जेवणाच्या सुट्टीत. क्रेनच्या खाली उभा राहून वॉकीटॉकीवर तिला दिशा सांगणारा एक जुना गडी होता. हातात कायम लाल झेंडा, म्हणून त्याला सगळे झेंडेमामा म्हणत. मामा सोमवारी कधीमधी डब्यात डुकराच्या मांसाचे धुरी दिलेले तुकडे आणायचा. बाहेरून काळपट, चकचकीत, कडेला साखरेचा पाक चिकटून कडक झालेला, आणि आत लोण्यासारखे मऊ. तिला त्याने ते आधीही दिले होते. पण त्या दिवशी तिने तुकडा तोंडात टाकला नाही. बोटात धरून नुसती बघत राहिली.

"मामा, हे करपलेलं आहे?"

"करपलेलं कसं असेल? कडा काळ्या आहेत, कडू नाहीत. मुद्दाम तिथवर न्यायचं आणि तिथेच थांबायचं."

"मला शिकवाल?"

मामाने तिच्याकडे नीट पाहिलं. साइटवरच्या कुठल्यातरी कार्यक्रमात तिच्या नवऱ्याने तिच्या भाताची गोष्ट सांगितली होती, ती त्यालाही ठाऊक होती. पण तो हसला नाही. म्हणाला, "पिंप आहे का घरी?"

पिंप नव्हतं. ते मामानेच आणून दिलं. खाद्यतेलाचं जुनं लोखंडी पिंप होतं, त्याने आतून जाळून घासून लख्ख केलेलं. खाली हवेसाठी भोकं, मध्ये जाळी, वर झाकण आणि झाकणाला एक छोटं धुराडं. घरामागच्या अंगणात ते उभं राहिलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई खिडकीतून म्हणाल्या, "पाणी साठवायला का?" क्रेनताईने "हो" म्हणून टाकलं. पुढचं पुढे.

शिकवणी वॉकीटॉकीवर झाली. वारा ठरावीक वेगाच्या वर गेला की क्रेन थांबवावी लागते. मग ती वर केबिनमध्ये बसून राहायची, मामा खाली सळ्यांवर बसून राहायचा, आणि साइटवरची सगळी माणसं कान देऊन ऐकायची.

"मांस पोटाकडचं घ्यायचं, ताई. एक थर चरबीचा, एक थर मांसाचा, पदर सुटलेल्या वहीसारखं दिसलं पाहिजे. ओव्हर."

"कातडीसकट? ओव्हर."

"कातडी काढून. दोन घास होतील एवढे चौकोनी तुकडे. फार बारीक केलेस तर वाळून खडे होतील. ओव्हर."

मध्येच प्लंबर आपल्या यंत्रातून घुसला, "मामा, तिखट किती घालायचं?" आणि मुकादम ओरडला, "अरे, ही कामाची लाइन आहे!" मग थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, "पण लाकूड कसलं वापरायचं ते सांगितलं नाहीत."

लाकूड फळझाडाचं. तिच्या अंगणातल्या पेरूची एक फांदी वाळली होती, ती तिने तोडली. रविवारी खाटकाकडे जाऊन पोटाकडचा जाड पट्टा आणला, तुकडे केले, त्यांना मीठ, मिरपूड, लाल तिखट, लसणाची पूड आणि तपकिरी साखर चोळली, निखाऱ्यांवर पेरूचं लाकूड टाकलं आणि झाकण लावलं.

पिंपातून पांढराशुभ्र, दाट धूर निघाला. तिला वाटलं, वा! धूर म्हणजे असा हवा. तो धूर अंगणातून वर गेला, आणि शेजारीणबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींमध्ये जाऊन बसला.

"पाणी पेटलं की काय हो तुमचं?" शेजारीणबाई खिडकीतून खोकत ओरडल्या.

मांस कडू झालं होतं. नवऱ्याने एक तुकडा खाल्ला, बराच वेळ चावला, आणि म्हणाला, "मऊ मात्र झालंय." चादरी तिने स्वतः पुन्हा धुऊन दिल्या.

दुसऱ्या दिवशी मामाने कपाळावर हात मारला. "लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. आणि वर हवा कोंडलीस. दाट पांढरा धूर म्हणजे विस्तव गुदमरतोय. धूर असा पाहिजे की आहे की नाही ते कळू नये. निळसर. विरळ."

पुढच्या रविवारी लाकूड खडखडीत वाळलेलं होतं आणि धूर निळसर. तुकड्यांना तांबूस रंग चढला, आणि तिला धीर आला. मग ट्रेमध्ये तुकडे काढले, वर मध, साखर, बटरचे गोळे घातले, फॉइल लावून ट्रे पुन्हा पिंपात ठेवला. आता फक्त मंद आचेवर बसू द्यायचं होतं. ती अंगणातल्या पायरीवर बसली. उठली. पुन्हा बसली. तिला वाटलं, एवढ्याशा निखाऱ्यांवर हे कधी व्हायचं? खालची भोकं मोकळी केली, मूठभर कोळसे आणखी टाकले, आणि तेवढ्यात दुसरं काम उरकून घ्यावं म्हणून आत गेली.

बाहेर आली तेव्हा ट्रेमध्ये डांबर होतं. साखर जळून काळी ठिक्कर, तुकडे त्यात रुतलेले, आणि तोच तिच्या ओळखीचा, अनेक वर्षांचा वास.

ती ट्रे घेऊन पायरीवर बसली. रडली नाही, पण कितीतरी वेळ त्या ट्रेकडे बघत राहिली. नवरा येऊन शेजारी बसला. त्याने उलथनं आणलं होतं, ते बाजूला ठेवलं.

"तुला एक विचारू?" तो म्हणाला. "ती काचेची भिंत उचललीस, तेव्हा ती हेलकावत होती ना?"

"हेलकावणारच."

"मग काय केलंस?"

"काही नाही. हेलकावा थांबेपर्यंत थांबले. घाई केली तर तो वाढतो."

"किती वेळ थांबलीस?"

"थांबेपर्यंत," ती जराशी चिडूनच म्हणाली. "त्याला काय घड्याळ लावायचं असतं?" आणि मग तिने पुन्हा ट्रेकडे पाहिलं.

नवऱ्याने उलथनं उचललं आणि ट्रे खरवडायला घेतला. पण ती मनाशी सगळे जुने भात, सगळी उतू गेलेली दुधं, सगळ्या काळ्या पोळ्या आठवत होती. प्रत्येक वेळी गॅस मोठा होता. दिवसभर वर बसून थांब, थांब, थांब करायची, आणि खाली उतरली की तिला कशाचीच वाट बघवायची नाही. स्वयंपाक म्हणजे कधी एकदा उरकतो असं काम. तिथे तिला कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, आणि तिनेही तिथे कधी मन घातलं नव्हतं. हे कळल्यावर तिला वाईट वाटायला हवं होतं. उलट हसू आलं. म्हणजे हाताला शाप वगैरे काही नव्हता. पाय जागेवर नव्हते, एवढंच.

त्यानंतरच्या रविवारी तिने पिंपासमोर खुर्ची टाकली आणि ठाण मांडलं. झाकणात या वेळी खोचलेल्या थर्मामीटरचा काटा चढला की खालचं भोक विटेच्या तुकड्याने अर्धं झाकायचं, उतरला की मोकळं करायचं. धूर विरळ येत होता. शेजारीणबाईंनी या वेळी चादरी आत घेतल्या होत्या, पण खिडकी उघडी ठेवली होती. दुपार कलली. ट्रेमध्ये साखर वितळली, बटर आणि चरबीबरोबर बुडबुडे काढू लागली. आधी पातळ पाणी, मग मधासारखं दाट. मग तिने फॉइल काढलं, सॉस आणि थोडं व्हिनेगर घातलं, तुकडे एकदा हलक्या हाताने उलटवले, आणि पुन्हा थांबली. हात नुसते शिवशिवत होते. ते तिने मांडीखाली दाबून ठेवले.

नवऱ्याने पहिला तुकडा उभ्या उभ्या खाल्ला. दुसराही. तिसऱ्या वेळी त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "हे तू केलंस?"

"नाही, शेजारीणबाईंनी," ती म्हणाली.

शेजारीणबाई वरून म्हणाल्या, "मी केलं असेल तर मला एक ताटली पाठवा!"

वाढदिवसाच्या दिवशी तिने पहाटेच पिंप पेटवलं. धुरी देऊन, पाकात शिजवून, शेवटचा टप्पा तेवढा जाऊच्या ओव्हनमध्ये करायचा असं ठरवलं होतं, कारण तो पदार्थ गरम गरमच खायचा. ती झाकलेला ट्रे छातीशी धरून जाऊच्या स्वयंपाकघरात शिरली, आणि मागून नवरा बर्फ घेऊन.

स्वयंपाकघर माणसांनी भरलं होतं. ओट्यावर जाऊची पातेली रांगेत, सगळी झाकणं चकचकीत. क्रेनताईने ओव्हन मंद आचेवर लावला, ट्रे आत ठेवला आणि ओव्हनच्या दारासमोर स्टूल ओढून बसली.

"अगं, बाहेर ये, बस सगळ्यांत," जाऊ म्हणाली. "तो काय पळून जाणार आहे?"

"मी इथेच बरी आहे, वहिनी."

थोड्या वेळाने जाऊने ओव्हनच्या काचेतून डोकावलं. "एवढ्या मंद आचेवर? उद्या सकाळी होईल हे. थांब, मी वाढवते." आणि तिने बटणाकडे हात नेला.

"हात लावू नका."

आवाज मोठा नव्हता. पण बांधकामावर खाली कोणी ओझ्याच्या वाटेत आलं की ती वरून ज्या आवाजात बोलायची, तोच होता. जाऊचा हात हवेतच थांबला. त्या ओट्याशी जाऊला 'हात लावू नका' म्हणणारं आजवर कोणी निघालं नव्हतं.

"वहिनी, रागावू नका," क्रेनताई जरा मऊ सुरात म्हणाली. "हा टप्पा घाईचा नाही. वाढवली की जळेल. जाळण्यातलं मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

पहिली हसली ती जाऊच. मग सगळेच. पण आजचं हसणं वेगळं होतं, विनोद तिने स्वतः केला होता.

हळूहळू वास सुटला. आधी गोड, मग धुराचा, मग तिखटाचा. बाहेरच्या खोलीतून दीर ओरडला, "करपलं वाटतं काहीतरी!" नेहमीप्रमाणे चार जण हसले, पण वास घेत घेत तेच चौघे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काचेतून पाक तुकड्यांवर घट्ट बसताना दिसत होता. कडा तांबूस झाल्या, मग गडद, मग काळपट. आता, आणखी एक श्वास, आता. तिने दार उघडून ट्रे बाहेर काढला.

"काळंच आहे की," दीर पुटपुटला.

मान सासूबाईंचा. त्यांच्यापुढे ताटली गेली. सासूबाईंचे दात थोडेच उरले होते, आणि मांसाच्या पदार्थांकडे त्या हल्ली संशयानेच बघायच्या. त्यांनी काट्याने तुकडा टोचला, तर तो आपोआप सुटला. तोंडात घातला. सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होते. जबडा दोनदा हलला आणि थांबला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"आई?" नवऱ्याने काळजीने विचारलं.

सासूबाईंनी डोळे न उघडता ताटली आपल्याकडे ओढून घेतली. "ही माझी," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुमची घ्या."

मग जी झुंबड उडाली ती विचारू नका. काळंच आहे म्हणणाऱ्या दिराने बोट भाजून घेतलं, कारण काटा शोधायला त्याला दम नव्हता. जाऊने एक तुकडा सावकाश खाल्ला, जाणकारासारखा, जिभेवर फिरवून. मग दुसरा खाल्ला, तो जाणकारासारखा नव्हे. तिने ट्रेच्या कोपऱ्यात साचलेला पाक चमच्याने खरवडला आणि क्रेनताईचा दंड धरून तिला बाजूला घेतलं.

"मला सांगशील कसं केलंस? खरं खरं?"

"सांगते की. पण वहिनी, पिंप लागेल."

"पिंप आणीन."

"आणि बसून राहावं लागेल."

"ते जरा अवघड आहे," जाऊ म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

नवरा दिवसभर ज्याला त्याला सांगत होता, "हिने केलं. नाही, मी नाही, हिने." कोणी विचारलं नाही तरी सांगत होता. जाऊच्या पातेल्यांतलंही लोकांनी खाल्लं, चांगलं म्हटलं, पण ट्रे सगळ्यांत आधी रिकामा झाला, आणि तो रिकामा ट्रे उगाच टेबलाच्या मधोमध बराच वेळ तसाच राहिला. कोणी उचलला नाही. क्रेनताईनेही नाही. तिला तो तिथेच बरा दिसत होता.

संध्याकाळी निघायची वेळ झाली. क्रेनताई दाराशी वाकून बूट घालत होती. आतल्या खोलीत सासूबाई गावाकडच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून त्या बोलायच्या ते अख्ख्या जिन्याला ऐकू जायचं.

"अगं, वाढदिवस झकास झाला! काय सांगू तुला, धाकट्या सुनेने डुकराचं केलं होतं, धुरी देऊन. तोंडात घातलं की विरघळतंय! नाही नाही, थोरलीने नाही. धाकटी! ती गं, क्रेन चालवते ती. हो, तीच! एवढ्या उंचावर बसते, आणि हात बघ कसला आहे पोरीचा. नाही, तुला उरलेलं पाठवता येणार नाही. उरलं असतं तर मीच खाल्लं असतं!"

क्रेनताईने नाडी बांधली. पुन्हा सोडली. पुन्हा बांधली, म्हणजे तेवढाच वेळ ऐकता येईल.

"चल ना," जिन्यात उभा असलेला नवरा म्हणाला.

"थांब," ती म्हणाली. "अजून संपलेलं नाही त्यांचं."